गाळलेलं तेल

झाकणाच्या आतल्या बाजूला तेलाची पातळ, सोनेरी ओल दिसायला हवी होती. पुस्तकात तसं असतं. मला दिसली ती साय. पिवळट तपकिरी, बोटाच्या पेराएवढी जाड. खरवसाची वडी उपडी चिकटवावी तशी ती झाकणाला आतून धरून बसली होती. इंजिनात डोकावले तर खाली सगळं काळं, डांबर ओतल्यासारखं. जळका, आंबट वास आला आणि त्यात आमच्या गाडीचा कायमचा मासळीचा वास मिसळला. मी तोंड फिरवून थुंकले. मी रस्त्यात कधी थुंकत नाही.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला नको वाटतंय. कोणी बघत नाही ना, एवढं पाहिलं आणि झाकण पटकन परत लावून टाकलं.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे कुणाला सांगायचं झालं की मला अजून अवघडायला होतं, कारण सांगितल्यावर माणसं लगेच बिघडलेला पंखा तरी दाखवतात, नाहीतर कौतुकाने बघतात, आणि मला दोन्हीचं काय करायचं ते कळत नाही. आमच्या प्रयोगशाळेत मधोमध कापलेलं एक इंजिन आहे. त्याचे भाग लाल-निळे रंगवलेत. हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली होतात, झडपा उघडमीट करतात आणि या सगळ्यांना जोडणारी साखळी, म्हणजे टायमिंग चेन, तालात सरकत राहते. मला ते इंजिन फार आवडतं. त्याला कसलाही वास येत नाही.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या पलीकडे, खाडीला लागून. बाबाची होडी आहे. आहे म्हणायचं इतकंच. खाडीचं पाणी काळं, कधी फेसाळ, ओहोटीला तर नाक धरून चालावं लागतं. जाळ्यात चार बोयट माशांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या आणि लहान मुलांचे वापरलेले डायपर येतात. ते सोडवून टाकताना बाबाचा चेहरा मी पाहिला आहे. त्यामुळे होडी वर्षातून मोजक्या वेळा पाण्यात जाते. घर चालतं ते आईच्या मासळीवर. ती घाऊक बाजारातून मासळी आणते आणि स्टेशनजवळच्या बाजारात बसते. मासळी आणायचं काम माझ्या मोठ्या भावाच्या सात सीटच्या गाडीचं. मोठ्या भावाला आमच्यात दादूस म्हणतात. पहाटे आईला आणि शेजारच्या दोन मावश्यांना घेऊन तो बाजारात जातो. परत आल्यावर गाडी फिनेलने धुतो, आत कापलेली लिंबं ठेवतो आणि शीळफाट्याच्या एका कंपनीतल्या माणसांची ने-आण करतो. ती माणसं पावसातसुद्धा खिडक्या उघड्या ठेवून बसतात.

त्या दिवशी पहाटे गाडी सुरू झाली नाही.

मी आतल्या खोलीत होते. मला आवाजच आधी कळला. एरवी स्टार्टर मारला की इंजिन अडत अडत फिरतं, प्रत्येक पिस्टन हवा दाबताना कण्हतो. त्या दिवशी ते सरळ, सुसाट फिरलं. आत काही उरलंच नसावं तसं. एकदा आत कुठेतरी फट् झालं आणि पुन्हा ते रिकामं फिरणं. मी बाहेर आले तोवर दहा माणसं जमली होती. आमच्याकडे गाडी बंद पडली की लग्नघर होतं.

"बॅटरी उतरलेय."

"बॅटरी उतरली तर फिरंल का इतकी? पेट्रोल हाय का बग."

"नजर लागलेय. पुढं लिंबू कुठाय? ते बग, सुकलंय."

"धक्का मारा रं! सेकंडला टाक न् सोड क्लच."

एक काका तंबाखू थुंकून तोच हात बॉनेटवर ठेवून ढकलायला उभे राहिले. मावश्या रिकामे क्रेट घेऊन खोळंबल्या होत्या, त्यांतून कालचं मासळीचं पाणी आमच्या ओट्यावर ठिबकत होतं. मी म्हणाले, "धक्का नका मारू." साखळी दात्यांवरून सरकली असेल तर झडपा चुकीच्या वेळी खाली येतात, पिस्टन त्यांच्यावर आपटू शकतो. मला हे ठाऊक होतं. पण मी ते इतक्या हळू म्हणाले की मलाच नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पन्नास पावलं गाडी ढकलली. दोनदा. दादूस आत बसून प्रत्येक वेळी क्लच सोडत होता आणि मी त्यांच्या मागून ओढणी सावरत चालत होते, कुणाच्या तरी मयताला चालावं तशी.

मग बाबा आला. लुंगीवर, तोंडात ब्रश.

"काय झायलं?"

कुणी काही बोलायच्या आत तंबाखूवाले काकाच म्हणाले, "रविवारी मालशेजला नेलेली ना पोरांनी? घाटात फाडली असंल. तुझा पोरगा पन काय कमी नाय."

बाबाने तोंडातला फेस टाकला. दादूसकडे पाहिलं. "नेलेलीस?"

"हां."

"कितीजन होते?"

सातच्या गाडीत अकरा जण गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाबाने हात पुढे केला. "चावी."

दादूसने चावी दिली. बाबा म्हणाला, "दुरुस्त झायली का विकून टाकायची. तू जा कंपनीत हेल्परला. तुला गाडी झेपत नाय."

ही गाडी दादूसला काय होती ते सांगायला हवं. तो बारावीत दोनदा बसला आणि दोनदा राहिला. नंतर कुठल्या कुठल्या कंपन्यांत तीन-तीन महिने. घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. गाडी घेतल्यापासून तो आरशात बघून केस विंचरायला लागला. शीळफाट्याची माणसं त्याला 'भाऊ' म्हणतात याचंही त्याला अप्रूप. बाबाने हात पुढे केला तेव्हा तो भांडला नाही. त्याला स्वतःलाच वाटत होतं की घाटात आपणच इंजिन मारलं.

आई आणि मावश्या रिक्षा शोधायला गेल्या, गर्दी पांगली. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही मैत्रिणींनी मिळून घेतलेला छोटा स्कॅनर आणला. तो गाडीला जोडला की मोबाइलवर बिघाडाचा कोड येतो. चावी बाबाकडून मागून आणली. "बघायला" म्हणाले. त्याने न बघता दिली. बॅटरी ठीक होती. प्लगला ठिणगी पडत होती. स्कॅनरवर आलेला कोड सांगत होता की क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. खाली क्रँक फिरतो, वर झडपा उघडणारा कॅम फिरतो, दोघांनी एकमेकांची पावलं ओळखून चालायचं असतं. ती पावलं चुकली होती. चावी बाबाला परत दिली आणि मग मी तेलाचं झाकण उघडलं. तिथून वरचा कॅम थोडासा दिसतो.

त्यात काय दिसलं ते वर लिहिलंय. झाकण मी परत का लावलं, ते आता लिहिते.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होडीच्या इंजिनाला नवं तेल घालतात. नारळ खाडीत सोडायचा, होडीला हार घालायचा आणि त्याआधी सकाळी इंजिनातलं जुनं तेल काढून नवंकोरं भरायचं. होडी वर्षभर बाहेर पडली असो वा नसो. आजोबांपासूनचं आहे. काढलेलं तेल फेकायचं नाही. बाबा ते डब्यातून सावकाश ओततो आणि खाली आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं ताणून धरायचं काम माझं. अगदी लहान असल्यापासून. तेल उबदार असायचं, फडक्यातून दोऱ्यासारखं खाली उतरायचं, आणि बाबा म्हणायचा, "हलू नको बाय, हलू नको." मला त्या कामाचा अभिमान वाटायचा. दादूसला कधी ते दिलं नाही, त्याचे हात हलतात म्हणून.

पूर्वी ते गाळलेलं तेल वल्ह्याच्या खुंट्यांना, कड्याकुलपांना लागायचं. गाडी आल्यापासून बाबा ते गाडीत घालायला लागला. दादूस गॅरेजमध्ये ऑइल बदलून आणतो म्हणाला की बाबा म्हणे, "कशाला? डबा भरलाय घरात. होडी गेलेय कुठं वरीसभर? नवाच हाय तेल." त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. रोज दमणाऱ्या गाडीला न दमलेल्या होडीचं तेल. पण उभ्या होडीत खाडीची दमट हवा जाते, तेलात पाणी उतरतं. शिवाय होडीच्या डिझेल इंजिनाची काजळी लुगड्याच्या फडक्यात अडकत नाही, ती खाली येते. गेल्या नारळी पौर्णिमेला फडकं धरून बसले तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. त्याच सत्रात स्नेहन, म्हणजे लुब्रिकेशन, या धड्यावर मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

आणखी एक. थंडीत पहाटे गाडी सुरू केली की पहिले काही सेकंद पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज यायचा, मग थांबायचा. दादूसने मला विचारलं होतं, "बाय, ह्यो आवाज कसला गं?" मला नक्की माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, "थंड इंजिन आहे, होतं तसं." तो समाधानाने निघून गेला. इंजिनिअर बहिणीने सांगितलं होतं.

दुपारी टोइंगच्या गाडीला बांधून आमची गाडी शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. बाबा आला नाही. दादूस आणि मी गेलो. मिस्त्री पन्नाशीचा, तोंडात मावा, बोलायच्या आधी प्रत्येक वेळी बाजूच्या टायरवर पिचकारी टाकायचा. तो टायर लाल झाला होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि त्याच्या हातांकडून नजरही काढवत नव्हती, कारण हात सुंदर चालत होते. बहीण इंजिनिअरिंगला आहे असं दादूसने सांगितलं, तरी मिस्त्रीने मला काही विचारलं नाही. मी त्याला कोड सांगितला तर म्हणाला, "मॅडम, थोडं बाजूला उभं रहा, कपडे खराब होतील."

त्याने वरचं कव्हर उचललं आणि तो हसायला लागला.

"ए, इकडे या रे! बघा. इंजिन आहे की संडासची टाकी?"

तिघे-चौघे आले. एकाने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. आत जे होतं त्याला तेल म्हणता येणार नाही. काळा, गुठळ्यांचा चिखल. कोपऱ्याकोपऱ्यांत साचलेला, वर चकाकणारा, मध्येच पिवळट फेसाचे डाग. भरती ओसरल्यावर आमच्या घरामागे जे उघडं पडतं, तेच. मिस्त्रीने पेचकसाच्या टोकाने एक गुठळी उचलली, ती तुटेना, लोंबत राहिली. मी दुपट्टा नाकावर धरला आणि लगेच काढला. आईच्या टोपलीपाशी नाक धरणाऱ्या बायकांचा मला लहानपणापासून राग येतो.

मग त्याने खालच्या पुलीवरची खूण जुळवली आणि वर कॅमच्या चाकावरची खूण बघितली. ती जिथे हवी तिथे नव्हती. पुढचं कव्हर काढलं तेव्हा साखळी सैल लोंबत होती. तिला धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी तुटून तिचे तुकडे चिखलात रुतले होते. शेवटी त्याने टेन्शनर काढला. अंगठ्याएवढा तुकडा असतो. तेलाच्या दाबाने त्याचा दांडा बाहेर येतो आणि साखळी ताणून धरतो. या टेन्शनरचं भोक चिखलाने बुजलेलं होतं, दांडा आतच अडकलेला. त्यामुळे पहाटेचा तो चिंचोक्यांचा आवाज. सैल साखळी आत आपटत होती. घाटाचा यात काही संबंध नव्हता. घाटात नेली नसती तरी दोन-चार आठवड्यांत हेच झालं असतं. मला सगळं एका क्षणात लख्ख कळलं. परीक्षेत उत्तर आठवावं तसं. आनंद मात्र झाला नाही.

मिस्त्री दादूसकडे वळला. "ऑइल कधी बदललंस शेवटचं? खरं सांग."

दादूसने माझ्याकडे पाहिलं नाही. टायरवरच्या लाल डागांकडे पाहत तो म्हणाला, "नाय बदललं. माझंच चुकलं."

मी बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, तेल घरी गाळून घालतो, फडकं मी धरते. पण समोरचा तो मोबाइल, त्या चौघांचं हसणं, आणि त्यात बाबाचं होडीचं तेल. तेल बाबा घालतो हे दादूसला माहीत होतं, आणि बाबावर कुणी हसू नये म्हणून तो खोटं बोलला. मी गप्प राहिले ते माझ्यावर कुणी हसू नये म्हणून. बाहेरून दोन्ही सारखंच दिसलं असेल. मला त्या इंजिनाची आली नव्हती एवढी किळस तिथे उभ्या उभ्या स्वतःची आली.

निघताना मी मिस्त्रीला म्हणाले, "हा जुना टेन्शनर मी नेऊ का?"

"शोपीसला ठेवणार?" तो हसला. पण दिला. मी तो आणि झाकणावरची साय तशीच एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली.

घरी आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाबा ओट्यावर बसून आईने परत आणलेली, न विकलेली मासळी निवडत होता. आई आत पाण्याचा हंडा भरत होती. दादूस सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

मी बाबासमोर बसले आणि चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात केली. तेलाचा दाटपणा, काजळी, पाणी, दाब. मला दुसरी भाषाच येत नव्हती. बाबाने थोडा वेळ ऐकलं.

"मला तेल शिकवतेस? तुझ्या आजोबाच्या होडीत गाललेलाच तेल परत जायाचा. इंजान कधी बंद पडला नाय."

"त्यात चेन नव्हती ना बाबा. तिथं नुसते गिअर. दात्याला दाता."

"चेन? गाडी हाय का सायकल?"

आतून आई हसली. मीही हसले असते एरवी.

"घाटात फाडली त्यानं," बाबा म्हणाला. "भाऊ हाय म्हनून त्याची बाजू घेऊ नको."

मी पिशवीची गाठ सोडली.

वास लगेच पसरला. आई आतून ओरडली, "शी! काय आनलंस गं घरात?" शेजारचं मांजर मासळीच्या टोपलीजवळ दबा धरून बसलं होतं, तेसुद्धा उठून गेलं. बाबाने हातातला मासा खाली ठेवला. आईबरोबर बाजारात गेला की तो मासळी कशी घेतो ते मी कितीदा पाहिलंय. आधी डोळा दाबतो, मग कल्ला उघडून आतला रंग बघतो, मग बोट लावून नाकाशी नेतो. विकणारा कितीही शपथा घेऊ दे, बाबा बोटावर विश्वास ठेवतो. त्याने तसंच केलं. पिशवीतली साय बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली, उजेडाकडे धरली, नाकाशी नेली. त्याचा चेहरा आक्रसला.

"कुजलंय," तो म्हणाला. "कुटशी आनलंस?"

"आपल्या गाडीतून."

त्याने टेन्शनर उचलला. दांडा बाहेर ओढायला गेला, तो हलेना. भोकात नख घालून बघितलं. नखात काळं आलं.

"ह्यात तेल जाया पायजे?"

"हो. गेलं की दांडा बाहेर येतो. मग चेन ताठ राहते."

"न् ह्यो घाटानं नाय झायला."

"नाही. हे वर्षभर साचलंय."

"कुनी टाकला तेल?"

हा प्रश्न त्याने मला विचारला की स्वतःला, मला अजून कळलेलं नाही. मी उत्तर दिलं. "तू ओतलंस, बाबा. फडकं मी धरलेलं."

आईचा हंडा भरून वाहत होता. तिने नळ बंद केला नाही.

बाबा उठला. होडी ओट्याच्या मागे उलटी घातलेली असते, तिच्याखाली गाळलेल्या तेलाचा डबा. तो डबा उचलून तो खाडीच्या बाजूला निघाला. मला वाटलं, ओतणार. आमच्याकडे सगळंच शेवटी खाडीत जातं. मी त्याच्या मागे गेले. काठावर तो डबा हातात धरून उभा राहिला. ओहोटी होती, समोर तोच काळा चिखल, त्यात अडकलेल्या पिशव्या. मग तो वळला आणि डबा परत होडीखाली ठेवला.

"ह्या मिस्त्र्यांना इचार," तो म्हणाला, "जुना तेल ते लोक कुठं देतात."

त्याने साबणाने हात धुतले. मग राखेने. मग आईकडून लिंबू मागून घेतलं. जेवायला बसल्यावर पहिला घास तोंडाशी नेताना तो थबकला, बोटं हुंगली, आणि ताट तसंच सरकवून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याबरोबर गॅरेजात आला. बँकेत जाताना घालतो तो धुतलेला शर्ट घालून. मिस्त्री त्याला बघून म्हणाला, "काका, पोराला जरा समज द्या. गाडी चालवतो आणि ऑइल नाही बदलत."

"पोरानं नाय," बाबा म्हणाला. "तेल मी टाकलेलं. होडीचा."

"होडीचं?" मिस्त्रीने पिचकारी टाकली आणि हाक मारली, "ए, ऐका रे! होडीचं तेल!" मग बाबाला म्हणाला, "काका, मग वल्हं पण द्यायचं ना सोबत!"

सगळे हसले. बाबा हसला नाही आणि रागावलाही नाही. हात मागे बांधून उभा राहिला. दादूस पुढे व्हायला लागला तर बाबाने त्याच्या दंडाला नुसता हात लावला.

मी म्हणाले, "गाळताना फडकं मी धरायचे." मला कुणी विचारलं नव्हतं. पुन्हा हळूच म्हणाले की काय अशी शंका आली, म्हणून परत एकदा म्हणाले.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "तू तर इंजिनिअरिंगला ना?"

"हो."

त्यावर ते आणखी हसले. मला वाईट वाटलं, पण आदल्या दिवशीसारखं नाही. हसणं निदान योग्य माणसांवर होतं.

दोन दिवस इंजिन उघडं होतं. खालचं तेलाचं भांडं काढून चिखल खरवडला, तो पत्र्याच्या अर्ध्या डब्याएवढा निघाला. नवी साखळी, नव्या पट्ट्या, नवा टेन्शनर. झडपा वाचल्या होत्या. त्यात आमची कुणाची हुशारी नव्हती. खुणा जुळवल्यावर मिस्त्रीने इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघितलं. प्रयोगशाळेत आम्हाला असंच शिकवलंय. त्या माव्याच्या वासात, मळकट हातांनी, तो ते आमच्या सरांपेक्षा सावकाश आणि नीट करत होता. हे मला कबूल करायला जड गेलं.

मग बाबाने शर्टाच्या खिशातून चावी काढली. तीन दिवस ती दादूसला मिळाली नव्हती. ती त्याने दादूसच्या हातात दिली. "मार," म्हणाला. "शीळफाट्याची मानसं खोळंबलीत."

दादूस आत बसला. स्टार्टर अडत अडत फिरला, कण्हला, आणि इंजिन सुरू झालं. दादूसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, कान दिला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, आवाज हाय का गं तो?"

मी बॉनेटवर वाकले. आतून नव्या तेलाचा वास येत होता आणि त्याच्याखाली, गाडीच्या हाडात मुरलेला, मासळीचा आणि त्या चिखलाचाही. माझ्या नखांत तो अजून आहे.

"आत्ता नाही ऐकू येत," मी म्हणाले. "पण दिवसा इंजिन तेवढं थंड नसतं. उद्या पहाटे थंड असताना मला उठव. मला नक्की माहीत नाही."